लिखाणामागची रोजची कामं स्क्रिप्टवर सोपवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नियमितपणे ऑनलाइन लिहिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे, अडचणीचे पुढे येतात. पण प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. आज्ञा जशाच्या तशा दिलेल्या नाहीत. त्या कुठल्याही मदतपुस्तिकेत मिळतात. काम आतून कसं चालतं आणि कुठे पाय घसरतो, हे सहसा एका जागी मिळत नाही, म्हणून भर त्यावर आहे.

१. स्क्रिप्ट म्हणजे नेमकं काय? त्यासाठी प्रोग्रामिंग शिकावं लागतं का?

स्क्रिप्ट म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवलेल्या सूचना. संगणक त्या वरून खाली वाचतो आणि एकेक पार पाडतो. ‘या फोल्डरमधला प्रत्येक फोटो घे, रुंदी कमी कर, दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेव’ हे काम तुम्ही आज हाताने करत असाल, तर त्याची स्क्रिप्ट दहा-पंधरा ओळींत होते.

सगळं प्रोग्रामिंग यायची गरज नाही. फाइल वाचणं आणि लिहिणं, फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर तेच काम करणं, ‘असं असेल तर तसं कर’ ही अट, आणि काही चुकलं तर तिथेच थांबणं, एवढं जमलं की बरंच होतं. यातलं शेवटचं बहुतेक धड्यांत राहून जातं आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. बॅशमध्ये (लिनक्स-मॅकवर आज्ञा चालवणारं साधन) लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये एखादी आज्ञा फसली तरी, वेगळं सांगितलं नसेल तर, गाडी पुढच्या ओळीवर जाते. ‘अमुक फोल्डरमध्ये जा’ ही ओळ फसली आणि पुढची ओळ ‘इथलं सगळं पूस’ अशी असेल, तर भलत्याच फोल्डरमधलं पुसलं जातं. म्हणून चूक होताच थांबण्याची सूचना स्क्रिप्टच्या अगदी वर लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

२. कोणती कामं स्क्रिप्टवर सोपवावीत आणि कोणती नाहीत?

दोन गोष्टी बघाव्यात: काम दर वेळी तसंच होतं का, आणि बिघडलं तर उलटवता येतं का.

फोटो लहान करणं, फाइलींना नावं देणं, नव्या लेखाचा कोरा साचा तयार करणं, मजकुरातल्या दुहेरी मोकळ्या जागा काढणं, तुटलेल्या लिंका शोधणं, बॅकअप घेणं ही सगळी बिनधास्त सोपवण्यासारखी कामं आहेत. त्यात विचार लागत नाही, वेळ मात्र जातो, आणि कंटाळून केलेल्या कामात चुका होतात.

‘प्रसिद्ध करा’ हे बटण, पुसून टाकणं आणि लोकांना जाणारे संदेश या तीन ठिकाणी मात्र माणूस हवा. स्क्रिप्टने सगळी तयारी करावी, समोर नीट मांडून दाखवावी आणि शेवटचं ‘हो’ तुमच्याकडून घ्यावं. वाचकांच्या प्रतिक्रियांना आपोआप उत्तरं पाठवायची कल्पना अनेकांना सुचते. ती करू नये असं मी स्पष्टच म्हणेन. वेळ काढून लिहिणाऱ्याला माणसाचं उत्तर मिळालं पाहिजे.

३. पायथन, बॅश की पॉवरशेल? सुरुवात कशाने करू?

मजकुराशी संबंध असेल, विशेषतः मराठी मजकुराशी, तर पायथन. १९९१ साली पहिल्यांदा आलेली ही भाषा विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे चालते आणि तिच्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर मुळातच युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संहिता) असतो. जुन्या लेखांमध्ये दुसऱ्या आवृत्तीतली उदाहरणं अजून भेटतात. तिची देखभाल २०२० च्या सुरुवातीलाच थांबली, त्यामुळे ती उदाहरणं सोडून द्या.

आधीपासून असलेली दोन-तीन साधनं एकापाठोपाठ चालवायची असतील तर लिनक्स-मॅकवर बॅश आणि विंडोजवर पॉवरशेल सोयीचं पडतं. मॅकवर २०१९ पासून टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडल्यावर बॅशऐवजी झेडशेल येतं. रोजच्या कामाला फारसा फरक पडत नाही.

४. पहिली स्क्रिप्ट कसली लिहू?

नव्या लेखाची फाइल तयार करणारी. चालवल्यावर तिने शीर्षक विचारावं, आजची तारीख घ्यावी, दोन्ही मिळून फाइलचं नाव ठरवावं आणि आत शीर्षक, तारीख, विषय, सारांश अशा रिकाम्या ओळी घालून फाइल संपादकात उघडावी. एवढंच.

यात एक अट विसरू नका: त्या नावाची फाइल आधीच असेल तर स्क्रिप्टने काही न लिहिता थांबलं पाहिजे. पायथनमध्ये फाइल ‘फक्त नवी असेल तरच’ उघडण्याची वेगळी रीत आहे, ती वापरा. नेहमीच्या लिहिण्याच्या रीतीने उघडलेली फाइल त्याच क्षणी रिकामी होते, आणि आत अर्धा लिहिलेला लेख असेल तर तो गेलाच.

लेख कुठल्या स्वरूपात ठेवायचा असा पोटप्रश्न येतो. २००४ मध्ये आलेलं मार्कडाउन हे साधं टेक्स्ट असल्यामुळे स्क्रिप्टला हाताळायला सर्वांत सोपं. त्यातून वेबपान, वर्डची फाइल किंवा ई-पुस्तक करून देणारं पॅनडॉक हे साधन मोफत मिळतं.

५. फाइलींची नावं मराठीत ठेवली तर चालतात का?

चालतात, पण काही मर्यादा माहीत हव्यात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि इथे चिन्ह म्हणजे दिसणारं अक्षर नव्हे. ‘स्क्रिप्ट’ हा शब्द डोळ्यांना दोन जोडाक्षरांचा दिसतो. संगणकाच्या लेखी तो स, हलन्त, क, हलन्त, र, वेलांटी, प, हलन्त, ट अशी ९ चिन्हं म्हणजे २७ बाइट असतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. लांबलचक शीर्षकावरून आपोआप नाव ठरवणारी स्क्रिप्ट इथे अडते. विंडोजवर मोजणी वेगळी असल्याने तेच नाव तिथे चालून जातं, आणि मग सर्व्हरवर का चालत नाही हे कळत नाही.

वेबपत्त्याचंही तसंच. पत्ता पाठवताना प्रत्येक बाइटाची तीन चिन्हं होतात. ‘मराठी’ या पाच चिन्हांच्या शब्दाची पत्त्यात ४५ चिन्हं होतात; कॉपी करून कुणाला पाठवला की टक्केचिन्हांची रांगच दिसते.

म्हणून फाइलचं नाव आणि पत्ता छोट्या रोमन अक्षरांत, आणि शीर्षक मराठीत, ही विभागणी मला सर्वांत टिकाऊ वाटते. नावाच्या सुरुवातीला तारीख घालायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि एक अंकी आकड्यांआधी शून्य. मग नावांच्या क्रमाने लावलेली यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते.

६. फोटो लहान करण्याची स्क्रिप्ट चालवली आणि काही फोटो आडवे झाले. असं का?

हा प्रश्न खूप येतो. मोबाइल उभा धरून फोटो काढला तरी बहुतेक कॅमेरे चित्र सेन्सरवर पडलं तसं साठवतात आणि सोबत एक टीप ठेवतात: ‘दाखवताना नव्वद अंशांत फिरव’. ही टीप फोटोत दडलेल्या माहितीत, म्हणजे एक्झिफमध्ये असते. त्याच माहितीत कॅमेऱ्याचं मॉडेल, वेळ आणि अनेकदा फोटो काढल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. ही माहिती काढून टाकणं शहाणपणाचंच, नाहीतर घरात काढलेल्या फोटोवरून घराचा पत्ता कुणालाही मिळू शकतो. पण ती काढताना फिरवण्याची टीपही जाते आणि फोटो आडवा पडतो.

उपाय क्रमात आहे. आधी टिपेनुसार चित्र खरोखर फिरवून घ्या, मग आकार कमी करा, आणि शेवटी माहिती काढा. इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या साधनात या तिन्हींसाठी वेगवेगळे पर्याय आहेत आणि ते लिहिलेल्या क्रमानेच लागू होतात.

आणखी दोन गोष्टी. आकार बदलताना ‘मोठा असेल तरच लहान कर’ ही अट घाला, नाहीतर छोटी चित्रं ताणली जाऊन धूसर होतात. दुसरी जास्त गंभीर: इमेजमॅजिकचं मॉग्रिफाय हे साधन वेगळं सांगितलं नाही तर मूळ फाइलवरच लिहितं. मूळ फोटोंच्या फोल्डरला स्क्रिप्टने हात लावता कामा नये. वाचायचं एका फोल्डरमधून, लिहायचं दुसऱ्यात. जेपेग पुन्हा पुन्हा साठवलं की दर वेळी थोडा दर्जा घटतो, त्यामुळे लहान प्रत नेहमी मुळावरूनच काढा, आधीच्या लहान प्रतीवरून नको.

७. मराठी मजकुरावर स्क्रिप्ट चालवली की काने-वेलांट्या उडतात किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. काय चुकतंय?

हे दोन वेगळे आजार आहेत.

प्रश्नचिन्हं किंवा अगम्य चिन्हं दिसली तर फाइल एका संहितेत (एन्कोडिंगमध्ये) लिहिलेली आहे आणि वाचली जातेय दुसऱ्या. विंडोजवरचा पायथन बराच काळ फाइल उघडताना सिस्टिमची जुनी संहिता गृहीत धरत आलेला आहे. प्रत्येक वेळी फाइल उघडताना यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. वाचताना आणि लिहिताना, दोन्हीकडे. एक अपवाद: स्वल्पविरामांनी वेगळी केलेली यादी एक्सेलमध्ये उघडायची असेल, तर फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची ओळखखूण लागते. पायथनमध्ये तिच्यासाठी वेगळं नाव आहे. ती खूण नसेल तर तीच फाइल संपादकात नीट आणि एक्सेलमध्ये विस्कटलेली दिसते.

काने-वेलांट्या उडणं हा मराठीला आणि तिच्या बहिणींना छळणारा प्रकार. शीर्षकातून विरामचिन्हं काढण्यासाठी लोक ‘शब्दातलं नसलेलं सगळं काढ’ असा नमुना वापरतात. पायथनच्या मूळ नमुना-शोधात (रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये) ‘शब्दातलं’ म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेषा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त, अनुस्वार यांची युनिकोडमध्ये वर्गवारी ‘जोडचिन्ह’ अशी आहे, त्यामुळे ती सगळी बाहेर फेकली जातात. ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं. त्याच नमुन्याने शब्द मोजले तर ‘मराठी’ हा एकच शब्द ‘मर’ आणि ‘ठ’ असा दोन मोजला जातो आणि लेखाची शब्दसंख्या फुगते.

म्हणून मराठी शब्द मोजायचे तर मोकळ्या जागेवर तोडून मोजा. विरामचिन्हं काढायची तर ‘काय ठेवायचं’ ऐवजी ‘काय काढायचं’ त्याची यादी द्या: पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणं, कंस. यादी थोडी लांबते, पण एकही मात्रा जात नाही.

८. ‘शोधा आणि बदला’ केलं तरी काही ठिकाणी तोच शब्द बदलत नाही. डोळ्यांना तर सारखाच दिसतो!

दिसतो सारखा, लिहिलेला असतो वेगळा. ‘दुसऱ्या’मधला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळं लिहितात. यावर युनिकोडनेच उपाय दिलाय: प्रमाणीकरण. मजकूर वाचल्याबरोबर त्याचं एनएफसी (युनिकोडने ठरवलेलं एक प्रमाण) रूप करून घ्या, दोन्ही प्रकार एक होतात. पायथनमध्ये हे एका ओळीचं काम आहे.

पण एनएफसी सगळं सोडवत नाही, आणि ही माहिती क्वचितच कुठे दिलेली असते. ‘ॲप’मधला ॲ एकसंध चिन्हाने लिहिता येतो, तसाच अ आणि त्यावर अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर फरक दिसत नाही, पण युनिकोडच्या नियमात ही दोन रूपं समान मानलेली नाहीत, म्हणून एनएफसी त्यांना हात लावत नाही. ‘ऱ्य’चंही असंच: काही जुने कीबोर्ड ते र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह अशा पद्धतीने लिहितात. या दोन्हींसाठी स्वतःची छोटी बदलयादी ठेवावी लागते. प्रमाणीकरणानंतर ती चालवा आणि मगच शोध घ्या.

९. माझे जुने लेख युनिकोडमध्ये नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. तेही स्क्रिप्टने बदलता येतील?

येतील, पण नुसत्या ‘या अक्षराऐवजी ते अक्षर’ अशा तक्त्याने नाही. कृतीदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘स्थिती’ घ्या. जुन्या फाइलमध्ये पहिली वेलांटी अर्ध्या स च्याही आधी येते. युनिकोडमध्ये ती स, हलन्त, थ यांच्यानंतर हवी, म्हणजे पूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते. ‘वर्ग’मधला रफार उलट: जुन्या फाइलमध्ये ग च्या नंतर, युनिकोडमध्ये त्याच्या आधी र आणि हलन्त म्हणून.

तेव्हा आधी तक्ता, मग ऱ्हस्व वेलांटी सरकवणं, मग रफार सरकवणं, असा क्रम ठेवा. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असतो, म्हणून फाइल नक्की कुठल्या फॉन्टमध्ये आहे हे आधी बघा. आणि बदललेला प्रत्येक लेख एकदा माणसाने वाचायलाच हवा. इथे सुटका नाही.

१०. तुटलेल्या लिंका शोधणारी स्क्रिप्ट चांगल्या लिंकाही ‘तुटल्या’ म्हणून दाखवते. कशावर विश्वास ठेवू?

सर्व्हरने दिलेला आकडा नीट वाचला की गोंधळ कमी होतो. ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ४१० म्हणजे कायमचं काढलंय. या दोन्ही लिंका खरोखर तुटल्या. ३०१ म्हणजे पान कायमचं हललंय, नवा पत्ता घालून टाका. ४०३ म्हणजे ‘तुला परवानगी नाही’, आणि बऱ्याचदा ते फक्त स्क्रिप्टला सांगितलेलं असतं. ब्राउझरमध्ये तेच पान उघडतं. ४२९ म्हणजे तुम्ही फार भराभर विचारताय. ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या हजर नाही, उद्या पुन्हा बघा.

अनेक स्क्रिप्टा वेळ वाचवण्यासाठी पान न मागता फक्त त्याच्याबद्दलची माहिती (हेडर) मागतात. काही सर्व्हर ही विनंती नाकारतात आणि ४०५ देतात. अशा वेळी पूर्ण पान मागून खात्री करावी. उलटही घडतं: पान नाहीसं झालंय, तरी सर्व्हर २०० देऊन ‘क्षमस्व’ असं सुंदर पान दाखवतो. हे स्क्रिप्टला सहज कळत नाही.

एकाच साइटला लागोपाठ विनंत्या पाठवू नका, मध्ये एक-दोन सेकंद थांबा. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ताण येऊ न देणं ही आपली जबाबदारी आहे. आणि स्क्रिप्टने फक्त यादी द्यावी, लिंक स्वतः काढू नये (प्रश्न २).

११. स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी आपोआप कशी चालवायची?

लिनक्सवर क्रॉन, विंडोजवर टास्क शेड्यूलर, मॅकवर लाँचडी. क्रॉनमध्ये एका ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्यातला दिवस, महिना, आठवड्याचा वार. त्यापुढे आज्ञा.

संगणक त्या वेळी बंद असेल तर साधं क्रॉन ते काम सोडून देतं, नंतर आठवण ठेवत नाही. रोज बंद होणाऱ्या लॅपटॉपवर ॲनाक्रॉन बरं. टास्क शेड्यूलरमध्ये ‘वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव’ अशी खूण करता येते. भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, तेव्हा सकाळी सातचं काम नेमकं कधी चालेल ते आधी तपासा. घड्याळं हंगामानुसार पुढेमागे होतात अशा ठिकाणी पहाटे एक ते तीनच्या दरम्यानची वेळ टाळलेली बरी. त्यातला एक तास वर्षातून एकदा येतच नाही आणि एकदा एक तास दोनदा येतो.

१२. हाताने चालवली की स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधून चालत नाही. का?

जवळजवळ नेहमी कारण एकच: क्रॉनचं वातावरण तुमच्या टर्मिनलपेक्षा खूप उघडंबोडकं असतं. कार्यक्रम कुठे शोधायचे याची त्याची यादी छोटी असते आणि सुरुवातीचा फोल्डरही तुमच्या अपेक्षेतला नसतो. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचा आणि प्रत्येक फाइलचा पूर्ण मार्ग लिहा.

दुसरं कारण टक्केचिन्ह. क्रॉनच्या ओळीत टक्केचिन्हाचा अर्थ ‘नवी ओळ’ असा होतो, त्यामुळे तारखेचं स्वरूप तिथेच लिहिलं तर आज्ञा मध्येच तुटते. तारीख स्क्रिप्टच्या आत काढा.

तिसरं सर्वांत फसवं. महिन्यातला दिवस आणि वार हे दोन्ही रकाने भरले, तर दोन्ही जुळायला हवेत असं कुणालाही वाटेल. क्रॉन त्यातलं एक जुळलं तरी काम चालवतं. ‘१३ तारीख आणि शुक्रवार’ असं लिहिलं तर ते प्रत्येक १३ तारखेला चालतं आणि प्रत्येक शुक्रवारीही. खरंच दोन्ही हवे असतील तर एक रकान्यात लिहा आणि दुसरं स्क्रिप्टच्या आत तपासा.

हे शोधायला नोंदवही हवी. स्क्रिप्टचा सगळा बोलका मजकूर, चुकांसकट, वेळेसह एका फाइलमध्ये जाऊ द्या.

१३. लेखांचा बॅकअप कसा घ्यावा? गिट पुरेसं आहे का?

मजकुरासाठी गिट उत्तम. २००५ पासूनचं हे साधन प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवतं, कुठलीही जुनी ओळ परत मिळते. मोठे फोटो आणि व्हिडिओ त्यात घातले तर मात्र भांडार फुगत जातं आणि नंतर फाइल काढली तरी इतिहासात ती राहतेच. चित्रांसाठी आरसिंक हे फोल्डरची प्रत ताजी ठेवणारं साधन वापरा.

आरसिंकमध्ये दोन जागी जपून. मूळ फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डरसकट जातो. आणि ‘मुळात नाही ते प्रतीतूनही पूस’ हा पर्याय चालू असताना मूळ ड्राइव्ह जोडलेलाच नसेल, तर रिकाम्या फोल्डरशी ताळमेळ घालत तो अख्खा बॅकअप पुसू शकतो. म्हणून स्क्रिप्टने आधी मूळ फोल्डरमध्ये अमुक एक फाइल आहे का ते पाहावं, नसेल तर थांबावं. पहिल्यांदा ड्राय रन करा. काय होईल ते दिसतं, होत काही नाही.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी हा जुना नियम अजूनही चांगला आहे. अधूनमधून एखादा लेख बॅकअपमधून काढून उघडून बघा.

१४. पासवर्ड किंवा एपीआयची कळ कुठे ठेवायची?

(एपीआय म्हणजे स्क्रिप्टने एखाद्या सेवेशी बोलण्याची ठरलेली वाट, आणि कळ म्हणजे त्या वाटेचा पासवर्ड.) स्क्रिप्टमध्ये नाही. वेगळ्या फाइलमध्ये किंवा सिस्टिमच्या चलांमध्ये (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) ठेवा, आणि ती फाइल गिटच्या दुर्लक्ष-यादीत आधी घाला. सेवा देत असेल तर मुख्य पासवर्डऐवजी मर्यादित अधिकारांची वेगळी कळ घ्या: मसुदे करण्याची परवानगी, पुसण्याची नाही.

कळ चुकून सार्वजनिक भांडारात गेली तर फाइल काढत बसू नका. आधी कळ रद्द करा. इतिहासातून ती कुणीही वाचू शकतं, आणि अशा कळा शोधत फिरणारे कार्यक्रम सतत चालू असतात.

१५. स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तर एकच लेख दोनदा जाईल का?

जाईल, तुम्ही सोय केली नसेल तर. स्क्रिप्ट अशी लिहा की दुसऱ्यांदा चालवली तरी परिणाम तोच राहील: काम करण्याआधी ‘हे झालंय का’ ते विचारायचं.

यात एक अवघड प्रसंग आहे. स्क्रिप्टने लेख पाठवला, सर्व्हरने तो घेतलाही, पण उत्तर परत येताना नेट गेलं. स्क्रिप्टला वाटतं की फसलं, म्हणून ती पुन्हा पाठवते. स्वतःजवळची ‘झालेल्यांची यादी’ इथे कामाची नाही, कारण त्यात नोंदच झालेली नसते. पुन्हा पाठवण्याआधी सर्व्हरलाच विचारा, या पत्त्याचा लेख तुझ्याकडे आहे का.

दोन फेऱ्या एकमेकांवर चढू नयेत म्हणून कुलूप-फाइल वापरतात. स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर ती फाइल तशीच राहते आणि पुढचं काम कायमचं अडतं. लिनक्सवर एफलॉक वापरलं तर स्क्रिप्ट संपताच, कशीही संपली तरी, कुलूप आपोआप सुटतं.

१६. शेकडो जुन्या लेखांत एकदम बदल करायचा आहे. सुरक्षित पद्धत कोणती?

घाई न करण्याची. आधी सगळं गिटमध्ये नोंदवा. मग स्क्रिप्ट ड्राय रनमध्ये चालवून किती फाइली आणि कोणत्या ओळी बदलणार हे बघा. मग पाच लेखांवर खरी चालवा आणि फरक ओळीनं ओळ वाचा. त्यानंतरच सगळ्यांवर.

फाइलवर थेट लिहू नका. शेजारी तात्पुरती फाइल पूर्ण लिहा आणि मग तिला मूळ नाव द्या. मध्येच वीज गेली तरी जुनी किंवा नवी, एक तरी अखंड फाइल हातात राहते.

लेख एचटीएमएलमध्ये असतील तर नमुना-शोधाने टॅग बदलायच्या फंदात पडू नका. टॅगच्या आत टॅग, तुटलेल्या ओळी, अवतरणांचे दोन प्रकार यांत तो फसतो. ब्युटिफुल सूपसारखं वाचक-साधन रचना समजून बदल करतं. मराठी शब्द बदलायचे असतील तर आधी प्रश्न ८ वाचा.

आणि फीडकडे, म्हणजे वर्गणीदारांना नवे लेख आपोआप कळवणाऱ्या यादीकडे, लक्ष ठेवा. आरएसएसमध्ये प्रत्येक लेखाला एक कायमची ओळख असते. मोठ्या बदलात ती ओळख बदलली, तर तुमचे सगळे जुने लेख वर्गणीदारांना नवे म्हणून एकदम दिसतात. पत्ता बदलला तरी ओळख जुनीच ठेवा.

१७. नेटवरून कॉपी केलेली स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडते. का?

वर्डमधून किंवा सजवलेल्या पानावरून आलेल्या मजकुरात सरळ अवतरणांची वळणदार अवतरणं झालेली असतात. संगणकाला ती चालत नाहीत. विंडोजवर साठवून लिनक्सवर नेली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं न दिसणारं चिन्ह येतं, आणि पहिल्या ओळीतला कार्यक्रम ‘सापडला नाही’ अशी तक्रार येते. साध्या टेक्स्ट संपादकात ओळसमाप्तीचा प्रकार बदलून साठवा.

१८. चॅटबॉटकडून स्क्रिप्ट लिहून घेतली तर चालेल?

चालेल, आणि सुरुवातीला मदतही होते. फक्त चालवण्याआधी प्रत्येक ओळ काय करते हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. तीन गोष्टी आवर्जून शोधा: कुठे पुसलं जातंय, कुठे मूळ फाइलवर लिहिलं जातंय, आणि कुठल्या बाहेरच्या पत्त्यावर काही पाठवलं जातंय. अनोळखी पायथन-पॅकेज बसवायला सांगितलं असेल तर ते खरंच अस्तित्वात आहे का आणि कुणाचं आहे ते आधी बघा. अशी साधनं कधीकधी नसलेल्या पॅकेजची नावं देतात, आणि तशा नावांनी घातक पॅकेज टाकून ठेवणारेही असतात. मागणी करताना ‘मजकूर देवनागरी आहे, मात्रा जाऊ देऊ नकोस, आधी ड्राय रन दे’ असं सांगितलंत तर हाती येणारी स्क्रिप्ट बरीच बरी असते.

१९. वर्षभर नीट चाललेली स्क्रिप्ट एक दिवस बंद पडली. मी काहीच बदललं नव्हतं!

तुम्ही नाही, पण आजूबाजूचं बदललं असेल. सेवा आपला एपीआय बदलतात, कळांची मुदत संपते, साधनांच्या आज्ञा बदलतात. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत मुख्य आज्ञेचं नावच बदललं.

आधी नोंदवहीतली शेवटची यशस्वी फेरी आणि पहिली फसलेली फेरी शोधा (प्रश्न १२). त्या दोहोंच्या मध्ये कोणतं अपडेट झालं ते बघा. कळ जुनी झाली असेल तर ४०१ दिसेल, पत्ता बदलला असेल तर ४०४ किंवा ४१०. स्क्रिप्टच्या डोक्यावर तीन ओळी लिहून ठेवल्या असतील तर हे काम फार लवकर आटोपतं: ती काय करते, कोणत्या साधनाच्या कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिली, आणि ती बंद असताना तेच काम हाताने कसं करायचं.